वाढ आणि वाढं

दुष्काळ माणसाला देवाच्या जवळ नेतो. हे वाक्य मी आजवर बऱ्याच व्यासपीठांवरून ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला असायचा. आमच्या आष्टी तालुक्यात दुष्काळ माणसाला आधी टँकरच्या जवळ नेतो. देव त्या वाटेवर लागला तर हात जोडले जातात, पण त्यासाठी रांगेतली जागा कोणी सोडत नाही.

यंदा टँकर फेब्रुवारीतच सुरू झाले. परवा कडा गावाच्या रस्त्याला एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा वाढ्यानं शिगोशीग भरलेला एक टेम्पो अगदी अंगाला लागून गेला. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. ऊस तोडला की कांडं कारखान्याला जातात आणि हे वरचं जनावरांच्या वाट्याला येतं. त्याचा वास आधी कच्च्या गोडीचा असतो आणि मागून किंचित आंबट होत जातो. पातं हातातून सरकलं तर चिरतं, आणि चिरल्याचं आपल्याला नंतर कळतं, घाम लागल्यावर. टेम्पो गेला, वास मागे राहिला. एसटी आली आणि गेलीही. मी उभाच होतो. मला आमचे पाळक आठवत होते आणि त्यांनी ज्या हिवाळ्यात वाढीची वाट पाहिली तो हिवाळा.

आमची बाप्तिस्त मंडळी म्हणजे अकरा घरं. चर्च पत्र्याचं. उन्हाळ्यात आत बसलं की नरकाचं वर्णन वेगळं करावं लागत नसे. मी गावच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि रविवारी उपासनेला पेटी वाजवत होतो. माझ्या विश्वासाची चौकशी कधी कोणी केली नाही, कारण पेटी वाजवणारा दुसरा माणूस मंडळीत नव्हता. ज्याच्या हाताला काम असतं त्याच्या मनात काय आहे हे लोक फारसं विचारत नाहीत. ही सवलत मी आयुष्यभर वापरली आहे.

पाळकांचं नाव शांतवन. नगरच्या बाजूचे, उंच, सडपातळ, चाळिशीच्या अलीकडचे. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागत. त्यांच्या प्रत्येक प्रार्थनेत ‘आत्मिक वाढ’ हे शब्द येत. पाऊस मागताना येत, आजाऱ्यासाठी हात ठेवताना येत, एकदा तर कोणाच्या तरी हरवलेल्या शेळीसाठी प्रार्थना करतानाही आले. शेळी सापडली. दुसऱ्या मागणीचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता.

मी शब्दांचा माणूस असल्यामुळे हा शब्द मला टोचत असे. मराठीत नारळ फुटत नाही, तो वाढवतात. बांगडी फुटत नाही, ती वाढते. जुन्या पेठेतले व्यापारी संध्याकाळी दुकान बंद करत नसत, वाढवत असत. ताटावर बसलेला माणूस ‘वाढ’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त भूक लागलेली असते. ज्या भाषेत मोडण्याला, मिटण्याला आणि भाकरी मागण्याला एकच शब्द पुरतो, तिथं त्या शब्दावर आत्म्याचा भार टाकणं धाडसाचं होतं. हे मी त्यांना एकदा ऐकवलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, “मग बरोबरच आहे मास्तर. आधी मोडायचं, मग मिटायचं, मग भूक लागायची. असंच वाढतात.” पुढच्या रविवारी त्यांनी हेच प्रवचनात सांगितलं. मंडळीतल्या राहेलमावशी पहिल्या वाक्याला झोपल्या आणि ‘आमेन’ला उठल्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांना शहरातल्या एका मोठ्या मंडळीचं बोलावणं आलं. मी पेटीचा एक सूर दुरुस्त करत बसलो होतो, ते समोरच्या बाकावर येऊन बसले.

“ईस्टरच्या आत कळवायचंय, मास्तर.”

“चांगलं आहे की. तिथं पंखे असतील.”

“मी एक ठरवलंय,” ते म्हणाले. “सात वर्षं झाली इथं. या हंगामात मला मंडळीत एक जरी खरी वाढ दिसली, तर मी राहणार. नाही दिसली तर चूक माझी आहे. मग इथं दुसरा माणूस आला पाहिजे.”

“दिसली म्हणजे नेमकं काय दिसलं पाहिजे?”

“ते नाही सांगता येत. पण दिसली की कळेल.”

मी मास्तर. ज्या परीक्षेचं उत्तर परीक्षकालाच ठाऊक नाही, त्या परीक्षेला मी मुलांना बसवलं नसतं. पण त्यांच्या आवाजात जाण्याची घाई नव्हती, उलट राहायला काहीतरी निमित्त मिळावं अशी विनवणी होती. ती ऐकून मी पुढचा विनोद गिळला.

आणि मंडळी निघाली. दरवर्षीच निघायची. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अकरातली आठ घरं ऊसतोडीला जायची, घाट उतरून, थेट कारखान्यांच्या मुलखात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्नविधीत पाळक जोडप्याला सांगत की आता तुम्ही दोन नाही, एक आहात. मुकादम तेच सांगत असे, फक्त हत्याराच्या नावानं. ट्रकच्या मागच्या फळीला धरून माणसं चढत, मग भांडी, मग शेरडं. पाळक प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असे. मागे राहत म्हातारी माणसं, थोडी जनावरं आणि दारांची कुलुपं. दसऱ्यापासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उपासनेला आम्ही नऊजण असायचो. मी धरून.

चर्चच्या मागे बाप्तिस्म्याचा हौद आहे. आम्ही बाप्तिस्त, आमच्याकडे कपाळावर चार थेंब शिंपडून भागत नाही, माणूस सगळा पाण्याखाली जावा लागतो. तत्त्व समजायला सोपं आहे, पाणी मिळायला अवघड. त्या हिवाळ्यात हौदात टँकरचं पाणी सोडायची सोय केली होती, आणि आमच्या गल्लीच्या, बौद्धवाड्याच्या, वरच्या आळीच्या बाया तिथूनच कळशा भरायच्या. हौदाकाठी भांडणं व्हायची, सोयरिकी जुळायच्या, एकमेकींच्या सुनांचा उद्धार व्हायचा. बाप्तिस्मा मात्र झाला नाही. चौघांची नावं तयार होती. पाळक एकदा हौदाच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाले, “चार माणसांना बुडवायचं तर चाळीस घरं तहानलेली ठेवावी लागतील.” मग थोडं थांबून, “प्रभू थांबेल.” प्रभूची त्यांना खात्री होती. ईस्टर थांबणार नव्हता.

जनावरांसाठी त्या वर्षी गावाजवळ छावणी मंजूर झाली होती. तालुक्यातल्या एका सोसायटीकडे ती आली. छप्पर उभं राहिलं, दावणी ठोकून झाल्या, आणि कमान तर या सगळ्याच्या आधीच तयार होती. फक्त उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. कमानीवर ‘सहर्ष स्वागत’ असं लिहिलं होतं. गावची जनावरं रोज सकाळी तिच्याखालून माळावर जात आणि रोज संध्याकाळी तशीच रिकाम्या पोटी परत येत, स्वागत दोन्ही वेळा होत असे. सहकार हा शब्द आमच्याकडे संस्थांना लावतात. माणसांना लावायची फारशी पद्धत नाही. पुढे तारीख मिळाली, तेव्हा पाहुण्यांच्या गाडीमागे धूळ उडू नये म्हणून फर्लांगभर रस्त्यावर पाणी मारलं होतं. गाई ते पाणी चाटत उभ्या राहिल्या आणि मिरवणूक थोडी खोळंबली.

पण ते नंतर. त्याआधी, माघातल्या एका आठवड्यात, पाळकांनी ठरवलं की मंडळी आपल्याकडे येत नसेल तर आपण मंडळीकडे जायचं. मला म्हणाले, पेटी घ्या. मी दोन दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं ‘धार्मिक’, आणि हेडमास्तरांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. दोन एसट्या बदलून, मांडीवर पेटी घेऊन, आम्ही दुपारी त्या मुलखात पोचलो. तिथलं हिरवं बघून डोळे दुखले. आमच्या डोळ्यांना त्या वर्षी करड्या रंगाची सवय झाली होती.

कोप्या एका ओढ्याच्या कडेला होत्या. कोपी म्हणजे चटईची, कमरेएवढ्या दाराची झोपडी, आत वाकून जायचं आणि बाहेरही वाकूनच यायचं. राहेलमावशींचा मुलगा याकोब आणि सून लीला नुकतेच उसाच्या फडातून आले होते. दोघांच्या भुवयांवर उसाची कुसं चिकटलेली. याकोबनं आम्हाला बसायला पोतं टाकलं.

“सलाम, पाळकसाहेब. कावून आलात एवढ्या लांब?”

“रविवारची उपासना चालू करायची इथं,” पाळक म्हणाले. “तुम्हीच चालवायची. कोणी वाचायचं, कोणी गायचं, कोणी प्रार्थना करायची. मी नसलो तरी.”

याकोबनं खाली बघितलं. त्याला नाही म्हणायचं नव्हतं. “साहेब,” तो म्हणाला, “रविवार हिकडं येतच न्हाई. गाडी आली की भरायची. शनवार, रविवार, समदं गाडीवर.”

“मग आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं तरी.”

तीन दगडांच्या चुलीपुढं लीला भाकरी थापत होती. ती मागे न बघताच बोलली, “पाच मिनटं डोळे मिटलं तर हितंच आडव्या होऊ आमी. उगड्या डोळ्यांनी केली तर चालंल का?”

पाळकांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. धर्मशिक्षणाच्या चार वर्षांतही नसावा. ते म्हणाले, चालेल. आणि मग त्या कोप्यांच्या मधल्या जागेत, आमच्या मंडळीतली सोळा माणसं आणि बघायला जमलेली इतर टोळ्यांतली आणखी काही, सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. मी आयुष्यात अनेक प्रार्थनांत इतरांची मिटल्या डोळ्यांची तोंडं चोरून पाहिली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे एकमेकांकडे बघत होते. लीला भाकरी उलटत होती. एक म्हातारा पायातला काटा काढत होता. पाळक सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत बोलत होते आणि त्यांना शब्द सापडत नव्हते, कारण उघड्या डोळ्यांसमोर आत्मिक वाढ मागणं सोपं नसतं. त्यांनी शेवटी हातांसाठी मागितलं. कोणाचे हात कापू नयेत एवढंच. मी पेटी काढलीच नाही.

परतताना ते म्हणाले, “काही जमलं नाही, मास्तर.” मीही तसंच समजलो.

रिकाम्या हातानं मात्र आम्ही परतलो नाही. गावाकडची हकिगत ऐकल्यावर याकोबनं आमच्या लोकांना गोळा केलं. वाढं हा तोडणाऱ्यांचा हक्क असतो. दोन दिवसांचं सगळ्यांचं वाढं एकत्र करून त्यांनी आष्टीकडे रिकामा निघालेला एक टेम्पो भरला. “आईच्या गाईला, आन आपल्या मंडळीच्या जनावरांना,” याकोब म्हणाला. “पंधरा दिस निघतील. तवर छावनी सुरू हुईल.” पाळक वाढीसाठी गेले होते आणि वाढं घेऊन आले. एका अनुस्वाराचा फरक. मी तो त्यांना दाखवला, टेम्पोत, पेंढ्यांवर बसल्याबसल्या. या खेपेला ते हसले नाहीत.

शनिवारी दुपारी वाढं चर्चच्या भिंतीला लावून रचलं, पत्र्याच्या उंचीचा ढीग झाला. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला एक काळा फळा आहे. पाळक दर शनिवारी त्यावर रविवारच्या प्रवचनाचा विषय लिहीत, सुबक अक्षरात, आणि खाली नेहमीचं एक वाक्य. सात वर्षांत ते वाक्य वाचून बाहेरचं कोणी आलं नव्हतं, तरी ते नेमानं लिहीत. त्या शनिवारी त्यांनी लिहिलं:

‘आत्मिक वाढ. रविवारी सकाळी दहा वाजता. सर्वांना आमंत्रण.’

रविवारी साडेनऊला मी पोचलो तर दारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाक भरले होते, भिंतीला लागून माणसं उभी होती, बाहेर लिंबाच्या झाडापर्यंत गाव उभं होतं. वरच्या आळीचे पाटील मंडळी, बौद्धवाड्यातली माणसं, हौदावर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बाया. कोणी गडबड करत नव्हतं. फेटे काढून हातात धरले होते, कारण चर्चमध्ये डोक्यावर ठेवतात की काढतात हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पाळक मागच्या खोलीतून बाहेर आले आणि दारातच थांबले. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. सात वर्षं एकट्यानं विहीर खणणाऱ्याच्या पायाला ओल लागली तर त्याचा होईल, तसा काहीतरी.

मी पेटीवर बसलो. तिथून बाहेरचं दिसतं. पहिलं गीत सुरू झालं, गावाला येत नव्हतं, तरी लोक ओठ हलवत होते. माझं लक्ष लोकांच्या खांद्यांकडे गेलं. प्रत्येकाच्या खांद्यावर दोर होता. उपासनेला दोर कशाला, हे समजायला मला दोन कडवी लागली.

तेव्हाच उठून पाळकांच्या कानात सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. तिसरं कडवं वाजवलं.

त्यांनी टिपणाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि साधं बोलायला लागले. इतकं साधं ते आधी कधी बोलले नव्हते. वाढ आपल्या कष्टानं होत नाही, ती वरून मिळते, असं ते म्हणाले. माना हलल्या. ती विकत मिळत नाही. पुन्हा माना हलल्या, आणि मागून कोणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, “फुकट हाय म्हंतेत.” जो पहिला तोच शेवटचा होईल, कोणी पुढे घुसू नये, असंही बोलण्याच्या ओघात आलं. भिंतीकडची माणसं लगेच थोडी मागे सरकली. “रेशनकार्ड लागंल का?” एका बाईनं विचारलं. “गप, सांगतेत की,” दुसरी म्हणाली. इतका एकाग्र श्रोता मी वर्गात कधी पाहिला नाही, व्यासपीठापुढे तर नाहीच. पाळकांचे डोळे भरून आले होते.

अर्धा तास झाला. मग वरच्या आळीचे किसनतात्या उठले. सत्तरीचा माणूस, गावात मान असलेला, बोलणं सावकाश.

“पाळकसाहेब, तुमचं समदं पटलं,” ते म्हणाले. “पर वाढं कवा वाटनार? ऊन चढाया लागलंय. वाळल्यावर जनावर त्वांड लावत न्हाई.”

“कसलं वाटप, तात्या?”

“त्ये काय, भायेर रचलंय की. फळ्यावर बी लिवलंय तुमी. सर्वांना आमंत्रन.”

“ते... ते आत्मिक वाढ असं आहे.”

“व्हय. त्ये स्कीमचं नाव आसंल म्हनलं आमी,” तात्या शांतपणे म्हणाले. “स्कीमला कायबी नाव आसतंय.”

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही आहे असं गावाला वाटलंच नाही. माझा हात पेटीच्या भात्यावर होता, तो सुटला आणि आतली हवा हळूहळू निघून गेली. तेवढाच आवाज झाला. पाळकांनी समोरचं टेबल दोन्ही हातांनी धरलं. ते खिडकीतून ढिगाकडे बघत राहिले, मग पहिल्या बाकाकडे वळले. तिथं आमची मंडळी बसली होती. आठ म्हातारी माणसं.

“हे वाढं माझं नाही,” ते म्हणाले. आवाज बसला होता. “तुमच्या मुलांनी तुमच्या जनावरांसाठी दिलंय. मी शब्द लिहिला त्याचा अर्थ वेगळा होता. आता काय करायचं ते तुम्ही सांगा.”

मंडळीचे कारभारी यशवंतदादा यांनी घसा खाकरला. “आपल्यालाच पंधरा दिस पुरवायचंय, साहेब. ह्येंच्यात वाटलं तर उद्या सकाळी भिंत दिसंल.”

हे खरं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्यामुळे कोणी मागितलं नाही आणि कोणी हललंही नाही. पत्रा तापायला लागला होता, वर कडकड आवाज येत होता. पाळक काहीच बोलले नाहीत. एक वाक्य बोलले असते, शास्त्रातलं एखादं, तर बाक नमला असता. ते बोलले नाहीत, याचा मला आजही आदर वाटतो.

राहेलमावशी उठल्या. त्या जाग्या होत्या, हीच मोठी गोष्ट होती.

“अर्थ येगळा हुता तर येगळा शबुद लिवायचा,” त्या पाळकांना म्हणाल्या. “आता त्येंनी दोर आनलेत.”

“मावशी, पण तुमची गाय...”

“माज्या गाईचं मला म्हाईत हाय. दोर घिऊन आलेलं मानूस मोकळं गेलं, तर उद्या त्येच्या बांदावरनं मी कोनत्या तोंडानं जाऊ?” मग यशवंतदादांकडे वळून, “वाटा. पर माजी गाय गाबन हाय, तिच्या चार पेंड्या आदी बाजूला काडा. मंग वाटा.”

“आन उद्या गं?”

“उद्याचं उद्या. तवर तुमी परार्थना करा. कारभारी हाव ना तुमी?”

चार पेंढ्या बाजूला काढल्या, मग वाटलं. पाळकांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः ढिगावर चढले. किसनतात्यांनी दोन रांगा लावल्या, एक घरांची आणि एक ज्यांच्या घरी माणूस नाही त्यांची. छावणीच्या सोसायटीला तो हिशेब पुढेही जमला नाही. दोन-तीन भांडणं झाली, एका बाईनं दुसरीची पेंढी ओढली, आईमाईवर बोलणं गेलं. घरटी दोन पेंढ्या आल्या. सगळ्यांत शेवटी तात्या आले. पाळकांनी त्यांच्या हातात दोन दिल्या, त्यांनी एक परत ढिगाच्या जागी टाकली.

“दोन घ्या तात्या, सगळ्यांना दोनच आहेत.”

“एकच बैल ऱ्हायलाय,” तात्या म्हणाले आणि दोर आवळला. जाताना वळून बोलले, “भाषन चांगलं हुतं.”

दुपारपर्यंत भिंत दिसायला लागली. आत फरशीवर पात्यांचे तुकडे पडले होते आणि सगळ्या चर्चला तो कच्चा गोड वास लागला होता. पाळक पहिल्या बाकावर बसून तळहात बघत होते. बारीक चिरांतून रक्त येऊन सुकलं होतं. धुवायला पाणी काढायचं त्यांच्या जिवावर आलं, सदऱ्यालाच पुसले.

“तुम्हाला आधीच कळलं होतं,” ते म्हणाले.

“दोन कडव्यांनंतर.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही चांगलं बोलणार होता, असं वाटलं.”

त्यांनी फरशीवरचा पात्याचा एक तुकडा उचलला. “मला वाटलं होतं, ते ऐकायला आलेत.” मग, “मावशींनी ते बांधाच्या वाटेसाठी केलं का हो? की...”

“त्यांनाच विचारा.”

“नको,” ते म्हणाले. “विचारलं तर सांगतील.”

हा प्रश्न मी नंतर स्वतःशी बऱ्याच वेळा काढून बघितला आहे. राहेलमावशींनी माणुसकी केली, की शेजारधर्म, की नुसता व्यवहार, की त्यांना त्या उकाड्यातून लवकर घरी जायचं होतं. माझा संशयी स्वभाव दर वेळी वेगळं उत्तर देतो. व्यासपीठावरून ज्याला त्याग म्हणतात तो करताना माणसाला चार पेंढ्या आधी बाजूला काढाव्याशा वाटतात, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून चार पेंढ्यांचा उल्लेख नसलेल्या त्यागाच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. पुढचे दहा दिवस आमच्या गल्लीतल्या जनावरांचे वाईट गेले. कोणी लिंबाचा पाला तोडला, कोणी घरावरचं जुनं पाचट काढून टाकलं. यशवंतदादा मावशींना भेटेल तिथं टोमणे मारायचे, “काय मावशी, वाढ झाली का?” मावशी म्हणायच्या, “तुमची कवा व्हायची?” गाय व्यायली. कालवड झाली, अशक्त होती, पण जगली.

गावात नंतर कधी कोणी याबद्दल फारसं बोललं नाही. दुष्काळात लक्षात ठेवायच्या गोष्टींची माणसाकडे तशी गर्दी असते. मंडळी परत आली तेव्हा लीलाला मी हे सगळं सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं आणि विचारलं, “आन पाळकसाहेबांनी डोळे उगडे ठेवलेले का मिटलेले?” मला आठवेना. मला वाटतं उघडे असावेत. ढिगावर चढलेल्या माणसाला मिटून चालत नाही.

वाढं वाटलं त्याच आठवड्यात पाळकांनी शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं आणि शुद्धलेखन बघायला माझ्याकडे आणलं. बोलावण्याबद्दल आभार आणि आपण येऊ शकत नाही, एवढ्या दोनच ओळी होत्या. कारण लिहिलं नव्हतं. मी एक वेलांटी दुरुस्त केली. ‘मग दिसली का?’ असं विचारणार होतो, पण त्यांच्या हाताला अजून चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, म्हणून पत्र तसंच परत दिलं.

ते शनिवारी टपालात पडलं. दुसऱ्या दिवशी उपासनेला आम्ही अकराजण होतो, म्हणजे नेहमीपेक्षा दोन जास्त. ते दोघं, वाढं उरलंय का ते विचारायला आले होते.